मूळ वही उघडी ठेवा

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, मंदिरांतील शास्त्रभांडारे उघडतात. बस्ते सोडले जातात, पोथ्यांवरची धूळ हलक्या हाताने टिपली जाते, जुनी वेष्टने काढून नवी घातली जातात आणि चौरंगावर जिनवाणी विराजमान होते. अलीकडे या मंगल प्रसंगी एक वाद हमखास उपस्थित होतो. घरातील एखादा तरुण मोबाईल काढून पोथीच्या पानांची छायाचित्रे घेऊ लागतो. ज्येष्ठ त्याला अडवितात, "अरे, शुद्ध वस्त्रांवाचून ज्या पोथीला आम्ही हात लावला नाही, ती तू खिशात घालून कुठेही फिरणार? त्याच यंत्रावर तुम्ही आणखी काय काय पाहता!" नातू म्हणतो, "आजोबा, उद्या वाळवी लागली तर शुद्ध वस्त्रे नेसूनही हात लावायला पोथी उरणार नाही." दोघांच्याही बोलण्यात तथ्य असल्यामुळे वाद मिटत नाही.

हा वाद नवा नाही. त्यातील मोबाईल तेवढा नवा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोबाईलच्या जागी छापखाना होता. तंत्र, शास्त्र, कायदा आणि समाजातील सत्ता या चारही अंगांनी तो वाद लढला गेला. त्याच्या निकालात आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा गावाचा जो वाटा आहे, तो आजच्या पिढीला फारसा ठाऊक नाही.

लेखणीही एकदा नवीच होती

श्रुतपंचमी हा मुळात एका तंत्राच्या स्वीकाराचा उत्सव आहे. परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना श्रुतज्ञान लोप पावण्याची चिंता वाटू लागली. त्यांनी दक्षिणेतून दोन साधू बोलावून घेतले आणि पुष्पदंत व भूतबली या नावांनी प्रसिद्ध झालेल्या त्या शिष्यांना आपल्याजवळचे ज्ञान दिले. ते ज्ञान पुढे षट्खंडागम म्हणून ग्रंथबद्ध झाले आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला चतुर्विध संघाने त्या ग्रंथाची पूजा केली. तोवर ज्ञान मुखाने दिले जाई आणि कानाने घेतले जाई. स्मरणात राहणारी वाणी पानावर उतरविणे हा त्या काळी केवढा मोठा बदल असेल, याची कल्पना करावी. आज ज्या हस्तलिखिताच्या पावित्र्यासाठी आपण छायाचित्राला विरोध करतो, ते हस्तलिखित स्वतःच एके काळी नव्या साधनाचा स्वीकार होता.

याचा अर्थ प्रत्येक नवे साधन निर्दोष असते असा मुळीच नाही. छापखान्याला विरोध करणारे आपले पूर्वज अडाणी नव्हते. त्या वेळच्या छापखान्यातील शाईचे रूळ सरस आणि काकवी घोटून केलेले असत, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला पदार्थ. अशा रुळाखालून जिनवाणी जावी हे अहिंसा मानणाऱ्याच्या मनाला कसे रुचावे? छापलेले पान रद्दीत जाईल, पुडी बांधायला वापरले जाईल, ही भीतीही व्यापारी समाजाला पटण्यासारखीच होती. पुड्या कोणत्या कागदात बांधल्या जातात हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? सिद्धांतग्रंथ वाचण्याचा अधिकार गृहस्थाला आहे काय, हा आक्षेप तर त्याहून गंभीर होता.

दुसऱ्या बाजूलाही जैन व्यापारीच उभे होते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात 'जैन बोधक' हे मासिक सुरू केले आणि मुद्रणाची बाजू घेतली. श्वेतांबर समाजात मुर्शिदाबादकडील राय धनपतसिंह यांनी त्याआधीच आगमग्रंथ छापण्याचे काम हाती घेतले होते. मुंबईत पं. नाथूराम प्रेमी यांनी प्रकाशनाला आयुष्य वाहिले. विरोधक म्हणत, छापल्याने अविनय होतो. समर्थक म्हणत, न वाचता कुजू देणे हा त्याहून मोठा अविनय आहे.

कारंज्याचे भांडार

कारंजा हे वऱ्हाडातील जुने व्यापारी गाव. येथे दिगंबर परंपरेतील सेनगण आणि बलात्कारगण यांची भट्टारकपीठे होती, काष्ठासंघाचेही मंदिर होते, आणि या मंदिरांतून शतकानुशतके पोथ्या जमत गेल्या. त्या वेळी हे गाव अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला.

रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी कारंज्याची भांडारे पाहण्याचे काम त्यांचेच नाव असलेल्या एका तरुण अभ्यासकाने केले. हे डॉ. हिरालाल जैन. पुढे ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले.

कारंज्याच्या कपाटांत जे सापडले त्याचे मोल भाषाशास्त्रज्ञांनी लगेच ओळखले. त्यात अपभ्रंश भाषेतील काव्ये होती. प्राकृत भाषांकडून मराठी, गुजराती, हिंदी अशा आजच्या भाषांकडे येणाऱ्या वाटेवरचा टप्पा म्हणजे अपभ्रंश. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी १९१८ मध्ये एक मोठे अपभ्रंश काव्य संपादून प्रसिद्ध केले, तोवर या भाषेचे स्वतंत्र ग्रंथ जगापुढे जवळजवळ आलेच नव्हते. अशा वेळी कारंज्यात त्यांचा साठाच निघाला.

ते छापण्यासाठी पैसा उभा राहिला तो कारंज्यातूनच. चवरे घराण्याने 'अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला' काढली. अभ्यासकांच्या जगात ती 'कारंजा जैन सिरीज' म्हणून ओळखली जाते. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये व 'करकंडचरिउ' १९३४ मध्ये या मालेत निघाले. यांपैकी पहिली दोन काव्ये महाकवी पुष्पदंताची. हा कवी दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत होऊन गेला. षट्खंडागमाचे आचार्य पुष्पदंत वेगळे. वऱ्हाडातील एका व्यापारी घराण्याच्या नावाची ग्रंथमाला दूरदेशीच्या विद्यापीठांत पोहोचली. देणगीच्या फलकाला एवढे आयुष्य क्वचितच लाभते.

कुलूप आणि किल्ली

याहून अवघड प्रश्न षट्खंडागमाचा आणि त्यावरील आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेचा होता. त्यांच्या प्राचीन ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे, वाचन मात्र होत नसे. लिपी जुनी कन्नड, आणि पाने दिवसेंदिवस ठिसूळ होत चाललेली. शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नकला करण्याचे काम सुरू झाले. पण नक्कल गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, असा व्यवस्थापकांचा निर्धार होता. नकला करणाऱ्यांपैकी गजपती उपाध्याय यांनी गुप्तपणे एक कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली, तेथे तिचे नागरी रूपांतर झाले आणि त्यावरून झालेल्या नकला देशभर पसरल्या. त्यांपैकी एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली. हा आश्रम १९१८ साली ब्र. देवचंदजींनी, म्हणजे पुढच्या समंतभद्र महाराजांनी, स्थापन केला होता.

अस्तेय हे आपले व्रत. मग ही गुप्त नक्कल चोरी होती काय? विश्वासाने सोपविलेल्या कामात लपवून काही करणे चुकीचेच, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण पोथी ज्याच्या कपाटात आहे त्याची मालकी पानांवर असते की शब्दांवरही? आजचा कायदा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांना संरक्षण असते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ सर्वांचा आहे. पोथी ही वस्तू मात्र मालकाची किंवा संस्थेची राहते, आणि ती दाखवावी की नाही हे तिच्या हाती असते. शब्द सर्वांचे आणि कुलूप एकाचे, अशी ही अडचण आहे. अविश्वासाने लावलेल्या कुलपाने गुप्त नकलेला जन्म दिला, हे आपल्या संस्थांनी आजही ध्यानात ठेवावे.

डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती एकमेकींशी ताडून संपादन सुरू केले. विदिशाचे श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून निधी उभा राहिला आणि १९३९ मध्ये धवलेसह षट्खंडागमाचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे १६ खंड निघाले. पहिल्या खंडांतील काळजी पाहिल्यावर मूडबिद्रीचे दरवाजेही उघडले, आणि पुढच्या खंडांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमती मिळाली. कुलूप उघडले ते उत्तम कामाने.

एका शब्दाची तळटीप

पहिल्याच खंडात एक असा प्रसंग घडला की ज्यापासून वाद कसा घालावा हे शिकता येते. सत्प्ररूपणेतील ९३ व्या सूत्रात मनुष्यिणीच्या, म्हणजे मनुष्यस्त्रीच्या, गुणस्थानांचा उल्लेख आहे. संपादकांपुढील प्रतींत 'संजदासंजद' या शब्दापाशी ती यादी थांबत होती. पण वीरसेनांच्या टीकेतील चर्चा पाहता पुढे 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द असलाच पाहिजे, असे संपादकांना दिसले. एका शब्दाचा हा फरक लहान नव्हता. 'संजदासंजद' हे पाचवे गुणस्थान. 'संजद' आला की सहावे आणि त्यापुढची गुणस्थाने आली, आणि स्त्रीमुक्तीचा प्राचीन प्रश्न उभा राहिला.

संपादकांनी काय केले? त्यांनी सूत्रात शब्द घातला नाही. प्रतींत होते तेच वर छापले आणि येथे 'संजद' हा पाठ राहून गेलेला दिसतो, अशी टीप खाली दिली. तरीही वादळ उठले. अनेक विद्वानांनी या सूचनेला कडाडून विरोध केला, लेख-प्रतिलेख झाले, सभा झाल्या. अखेर मूडबिद्रीची ताडपत्रे पाहण्यात आली आणि तेथे 'संजद' हा शब्द आढळला. तो मधल्या नकलांत गळाला होता. कसा, हेही सहज समजते: एका 'संजद'वरून नकलकाराची नजर घसरून थेट पुढच्या 'संजद'पलीकडे गेली. रोजमेळावरून खतावणी करताना दोन सारख्या रकमा लागोपाठ आल्या की एक सुटते, तसेच हे.

यामुळे तात्त्विक वाद संपला असे नाही. तेथे भावस्त्री अभिप्रेत आहे की द्रव्यस्त्री, हा विचार पुढे चालू राहिला आणि त्याचा निर्णय देणे हे या लेखाचे काम नाही. शब्द आहे की नाही, एवढा प्रश्न मात्र मिटला. आणि तो मोठ्या आवाजाने मिटला नाही, मूळ पानाने मिटला.

आपण वहीखात्यावर वाढलेली माणसे आहोत. नोंद चुकली तर ती खोडून वर दुसरा आकडा लिहायचा नाही, हे दुकानावर बसलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात शिकविले जाते. चुकीची नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, म्हणजे पुढे ताळा घेणाऱ्याला दोन्ही दिसतात. आता कायदाही हेच सांगतो: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. डॉ. हिरालाल जैन यांची तळटीप ही अशीच दुरुस्तीची नोंद होती. त्यांनी आपल्या मताला मूळ पाठ होऊ दिले नाही, आणि भीतीपोटी मत दडपलेही नाही.

गणित: गौरव आणि मर्यादा

छपाईमुळे आणखी एक कवाड उघडले. लखनौ विद्यापीठातील गणिताचे अभ्यासक डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लिहिलेला निबंध १९४२ च्या चौथ्या खंडात छापला गेला. धवलेत 'अर्धच्छेद' नावाची कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद ५, १०२४ चे १०. याचप्रमाणे तीनने भाग देत गेल्यास त्रिकच्छेद. आज ज्याला आपण लॉगॅरिदम म्हणतो त्याच जातीची ही कल्पना आहे. 'वर्गित-संवर्गित' ही दुसरी: २ चा घात २ केला की ४, ४ चा घात ४ केला की २५६, आणि तिसऱ्या पायरीला २५६ चा घात २५६, म्हणजे सहाशेहून अधिक अंकांची संख्या. मोठ्या संख्यांना न भिता त्यांची प्रतवारी लावण्याची ही रीत आहे.

डॉ. हिरालाल जैन यांनी प्रशस्तीवरून धवलेचा पूर्तिकाळ इ. स. ८१६ ठरविला. नेपियरचा लॉगॅरिदमचा ग्रंथ १६१४ मधला. येथेच आपली जीभ सैल सुटते आणि 'लॉगॅरिदमचा शोध आमचाच' असे वाक्य सभेत टाळ्या घेऊन जाते. नेपियरने गुणाकाराचे काम बेरजेने उरकता येईल अशी सविस्तर कोष्टके दिली. धवलेचे प्रयोजन वेगळे होते. जीव, क्षेत्र आणि काळ यांच्या संख्या समजून घेण्यासाठी ही साधने वापरली गेली. जे आहे तेवढेच सांगितले तरी ते पुरेसे विस्मयकारक आहे. फुगविलेला ताळेबंद पहिल्याच तपासणीत फुटतो आणि मग खरी मिळकतही कोणी खरी मानीत नाही. उलट, धार्मिक ग्रंथात गणित कसले, असे न उघडताच ठरविणाराही तितकाच घाई करतो.

आता आपली पाळी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या पाच भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यांत मराठी आणि प्राकृत दोन्ही आहेत. प्राकृतापासून मराठीपर्यंतच्या वाटेवरचे ग्रंथ कारंज्यासारख्या गावांच्या कपाटांनी जपले, म्हणून या दर्जाचा आनंद आपल्याला दुप्पट व्हावा. पण घोषणेने पोथी वाचली जात नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली. संस्था आणि खाजगी संग्रहांतील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन हा तिचा हेतू आहे. अशी पथके आपल्या गावी येतील तेव्हा पुन्हा जुनेच प्रश्न निघतील: द्यावे की न द्यावे, कोणाला, कशासाठी?

माझे मत स्पष्ट आहे. पोथी देऊ नये, छायाचित्र द्यावे. मूळ वस्तू मंदिराच्या किंवा घराच्या ताब्यातच राहावी. प्रतिमांची एक प्रत आपल्याजवळ, दुसरी एखाद्या जबाबदार संस्थेकडे असावी, आणि कोणाला काय दिले याचा लेखी करार असावा. वाङ्मयीन, ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा सौंदर्याच्या दृष्टीने मोलाची, किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाहीत, हेही लक्षात असावे. आजोबांची भीतीही अनाठायी नाही. छायाचित्रांचा संग्रह वेगळा ठेवावा, गमतीच्या चित्रांत मिसळू नये. विनय साधनात नसतो, वापरात असतो.

यंत्रबुद्धीविषयी मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुन्या लिपी यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. पण नकलकाराकडून शब्द गळतो, तसा यंत्राकडूनही गळेल. शिवाय यंत्र गळलेल्या जागी स्वतःचा गुळगुळीत शब्द भरून टाकील आणि खाली तळटीप देणार नाही. म्हणून प्रत्येक यंत्रवाचनासोबत मूळ पानाचे छायाचित्र असलेच पाहिजे. ९३ व्या सूत्राचा वाद मिटला, कारण मूडबिद्रीचे ताडपत्र जागेवर होते. ते नष्ट झाले असते तर दोन्ही पक्ष आजही भांडत राहिले असते.

आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने पुढे हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवरही कोरले गेले. स्मरण, ताडपत्र, कागद, मुद्रण, तांबे असा हा प्रवास आहे. एका साधनाने दुसऱ्याला हद्दपार केले नाही; प्रत्येकाने आधीच्या साधनाला आधार दिला.

येत्या श्रुतपंचमीला निदान एवढे करता येईल. घरात किंवा मंदिरात जे बस्ते असतील ते उघडावेत. जीर्ण पोथी नदीत विसर्जित करू नये, रद्दीत तर नाहीच. प्रत्येक पोथीची पाने मोजावीत. शेवटच्या पानावरची पुष्पिका जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कारण लिहिणाऱ्याचे नाव, गाव, शक-संवत आणि लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकेचे नाव बहुधा तेथेच असते. एखादे वेळी ते आपल्याच घराण्याचे निघते. आजोबांनी स्वच्छ हातांनी पान उलटावे, नातवाने छायाचित्र घ्यावे, आणि गहाळ पानाचा क्रमांक दोघांनी मिळून वहीत लिहून ठेवावा.